सुंदर एत्रोग कोणता? सुक्कोतच्या तयारीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण कोकणपट्टीतल्या एका बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांच्या, सिनेगॉगचं (प्रार्थनास्थळाचं) आहे. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव दिलेलं नाही आणि आकडे थोडे इकडेतिकडे केले आहेत. कुटुंबं 22. रविवारच्या हिब्रू वर्गात मुलं 14, वयं 5 ते 13. वर्ग घेणाऱ्या बाई एरवी शाळेत चित्रकला शिकवतात. पैशाचे आणि धर्माचे निर्णय मुकादम (सिनेगॉगचे प्रमुख), खजिनदार आणि हज्जान (प्रार्थना चालवणारा) मिळून घेतात.

सण सुक्कोतचा, म्हणजे मांडवांचा. ज्यू पंचांगातल्या तिश्री महिन्याच्या 15 तारखेपासून सात दिवस सुक्क्यात, म्हणजे तात्पुरत्या मांडवात, जेवायचं. लुलाव (खजुरीचा न उमललेला कोंब), हदासच्या (मेंदीसारख्या सुवासिक झुडपाच्या) तीन डहाळ्या, अरावाच्या (वाळुंजाच्या) दोन आणि एत्रोग (लिंबाच्या कुळातलं एक फळ) हे चार जिन्नस हातात घेऊन आशीर्वचन म्हणायचं. सणातली कामं बरीचशी हाताने करायची असतात, त्यामुळे मुलांना धर्म शिकवायला याच्याइतका सोयीचा सण दुसरा नाही.

त्यामागचं तत्त्व आहे हिद्दूर मित्झ्वा. आज्ञा नुसती पाळायची नाही, देखणी करून पाळायची. तोरातल्या, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथातल्या, निर्गम या पुस्तकाच्या 15व्या अध्यायात, समुद्र ओलांडल्यावरच्या गीतात, ‘हा माझा देव, मी त्याला शोभवीन’ अशा अर्थाचे शब्द येतात. माणूस देवाला काय शोभवणार, असा प्रश्न पडतो. ताल्मूद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथाच्या शब्बात भागात त्याचं उत्तर वस्तूंची नावं घेऊन दिलंय: सुंदर सुक्का कर, सुंदर लुलाव घे, सुंदर शोफार (फुंकायचं शिंग), वस्त्राला सुंदर झालरी, आणि तोराची गुंडाळी चांगल्या शाईने, चांगल्या बोरूने, कसबी लेखनिकाकडून लिहून घेऊन रेशमात गुंडाळ. त्याच ठिकाणी अब्बा शाऊल त्या शब्दाची फोड वेगळी करतात: त्याच्यासारखा हो; तो दयाळू आहे, तर तूही दयाळू हो. पुढच्या सगळ्या वादात या दोन्ही अर्थांचा आधार घेतला गेला.

अडचण

आदल्या चार-पाच वर्षांत सुक्का दोन वयस्क मंडळी आणि भाड्याचे मजूर मिळून उभा करत. सजावट बाजारातून यायची: प्लास्टिकच्या वेली, चमकीच्या माळा, छापील फलक. त्यावर साधारण 4,500 रुपये जात. मुलं पहिल्या संध्याकाळी येत, फोटो काढत, चॉकलेट घेऊन घरी जात. ‘एत्रोग चांगला कसा ओळखायचा?’ असं बाईंनी वर्गात विचारलं तर 14 पैकी 11 मुलांनी गुळगुळीत, गोल, पिवळ्याधमक फळाच्या चित्रावर बोट ठेवलं. ते लिंबाचं चित्र होतं.

दुसरी अडचण जास्त गंभीर होती. आदल्या वर्षी मुलांनी रंगवलेलं मोठं कापड छपरापासून हातभर खाली आडवं बांधलं होतं. दिसायला सुरेख, पण नियमात बसणारं नव्हतं. सजावट छपरापासून चार तेफाखांच्या आत असेल तर ती छपराचाच भाग मानतात. चार तेफाख म्हणजे सुमारे 32 सेंटिमीटर. त्याहून खाली तेवढंच रुंद कापड आलं तर त्याखाली बसलेला माणूस सुक्क्यात नाही, कापडाखाली बसलेला असतो. हे लक्षात आलं तिसऱ्या दिवशी. दोन रात्री मधल्या टेबलावरची मंडळी सुक्क्यात जेवलीच नव्हती. मुकादमांनी तेव्हापासून ‘मुलांना सजावटीत घ्यायचं नको’ अशी भूमिका घेतली होती.

त्यातच मूळच्या याच गावच्या आणि आता इस्रायलमध्ये असलेल्या एका कुटुंबाने 20,000 रुपये देऊ केले. त्यातून लोखंडी नळ्यांचा, छापील कापडी भिंतींचा तयार सुक्का आणि सगळ्यात भारी एत्रोग घ्यावा, अशी त्यांची इच्छा होती.

समोर आलेले पर्याय

तयार सुक्का घेतला तर कष्ट वाचणार होते. पण कापडी भिंतींना खाडीवरचा वारा लागला की त्या फडफडतात, आणि साध्या वाऱ्याने हलणारी भिंत भिंत धरत नाहीत. त्यावर उपाय आहे. जमिनीपासून वर दर तीन तेफाखांच्या आत, म्हणजे 24 सेंटिमीटरच्या आत, आडवे पट्टे ताणून बांधायचे, साधारण मीटरभर उंचीपर्यंत. म्हणजे काम काही टळत नव्हतं, फक्त बदलत होतं.

दुसरा पर्याय बाईंचा: सगळंच मुलांवर सोडायचं. तो हज्जानने तिथल्या तिथे नाकारला, आणि ते बरोबरच होतं. वैधता आधी, सौंदर्य नंतर. बाद झालेल्या सुक्क्याला कितीही सजवलं तरी तो मांडवच राहतो.

चर्चा अडली ती इथे. मग खजिनदारांनी वेगळाच मुद्दा काढला: नियम मुलांपासून लपवून सजावट त्यांच्याकडे देतो, म्हणून चुका होतात, मोजपट्टीच त्यांच्या हातात का देऊ नये? यातून तिसरा पर्याय निघाला. सांगाडा आणि छप्पर मोठ्यांनी करायचं, पण मुलांच्या डोळ्यांसमोर. छपराखालचं सगळं मुलांनी करायचं, मोजमापासकट. आणि एत्रोग निवडताना मोठी मुलं सोबत बसणार.

देणगीदारांना सविस्तर कळवलं. त्यांनी थोडं वाईट वाटून घेतलं, पण 12,000 रुपये पुन्हापुन्हा वापरता येतील अशा बांबूंसाठी, तट्ट्यांसाठी आणि चार जिन्नसांच्या दुसऱ्या संचासाठी वापरायला होकार दिला.

पहिला निर्णय: छप्पर

मांडव 6 मीटर बाय 4 मीटर, उंची 2.4 मीटर. भिंती बांबूच्या तट्ट्यांच्या. भिंत कशाचीही चालते. छपराला मात्र तीन अटी: जमिनीतून उगवलेलं हवं, तोडलेलं हवं आणि ते भांडं, आसन, अंथरूण अशी वापराची वस्तू असता कामा नये. कोकणात याला नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप मिळतात. पण विणलेलं म्हटल्यावर हज्जान थबकला, कारण मिश्नामध्ये, म्हणजे ताल्मूदच्या गाभ्यातल्या नियमसंग्रहात, चटईबद्दल स्पष्ट नियम आहे. झोपण्यासाठी विणलेली चटई छपराला चालत नाही, छपरासाठी विणलेली चालते. झाप विणतात तेच मुळी शाकारणीसाठी, त्यावर कोणी झोपत नाही. म्हणून झाप घेतले, आणि घरून कोणी चटई आणून वर टाकणार नाही हे मुलांना सांगितलं.

खरी चूक पुढे झाली. मजुरांनी 40 झाप पावसाळी पडवीसारखे एकावर एक अर्धे चढवून, उतार देऊन, घट्ट शाकारले. त्यांच्या दृष्टीने ते उत्तम काम होतं. सुक्क्याचं छप्पर मात्र उन्हापेक्षा सावली जास्त देईल इतकं दाट आणि मोठा पाऊस आत येईल इतकं विरळ असावं. रात्री त्यातून तारे दिसावेत. सगळं छप्पर उतरवून झाप सपाट, दोन बोटांच्या फटी ठेवून पुन्हा टाकावे लागले. 40 पैकी 27 पुरले. वाचलेले 13 भिंतीला टेकवून ठेवले ते बरं झालं: ओले झाप पाचव्या दिवशी सुकून आक्रसले, पश्चिमेच्या बाजूला ऊन जास्त पडू लागलं, आणि सणाच्या मधल्या दिवसांत तिथे चार झाप वाढवता आले.

ताडपत्रीचाही प्रश्न होता. सण भाद्रपद-आश्विनात, परतीचा पाऊस हमखास. झाप टाकताना ताडपत्री वर असता कामा नये, आणि सणाच्या दिवशी नवं छत पसरणं हे तंबू उभारण्यात मोडतं. म्हणून ताडपत्री एका बाजूला गुंडाळून, तिची 10 सेंटिमीटरची कड आधीपासून पसरलेली ठेवली. तेफाखभर छत आधीच असलं की सणात ते पुढे ओढता येतं. पाऊस थांबला की ती मागे घ्यायचीच, नाहीतर खाली बसणं सुक्क्यात बसणं होत नाही.

दुसरा निर्णय: एत्रोग

तोरामध्ये एत्रोगचं नाव नाही. लेवीय 23:40 मध्ये फक्त ‘हादार झाडाचं फळ’ आहे. हादार म्हणजे देखणेपण. ताल्मूद त्याच शब्दाची फोड ‘जे राहतं ते’ अशीही करतो: वर्षानुवर्षं झाडाला टिकून राहणारं फळ. बाईंनी वर्गाची सुरुवात याच फोडीपासून केली. ज्या फळाच्या सौंदर्याच्या व्याख्येत टिकून राहणं आहे, त्याचं देखणेपण चकचकीत सालीत शोधायचं नाही, हे मुलांना पटकन कळलं.

एत्रोग म्हणजे आपल्याकडचं महाळुंग. एका पालकाने परसातलं महाळुंग आणल्यावर ‘मग हेच का वापरू नये?’ हा प्रश्न आला, आणि तो योग्यच होता. अडचण कलमाची. लिंबावर कलम केलेल्या झाडाचं फळ चालत नाही आणि परसातल्या झाडाचा पूर्वेतिहास कोणाला माहीत नव्हता. पण ते फळ शिकवायला फार उपयोगी पडलं. बाईंनी ते उभं कापलं. बोटभर जाड पांढरा गर, मध्ये चिमूटभर फोडी, रस जवळजवळ नाही, बिया लांबीच्या दिशेने उभ्या. साल उंचवट्यांची, देठ आत रुतलेला. शुद्ध एत्रोगच्या जुन्या खुणा याच. शेजारी लिंबू कापून ठेवलं: पातळ साल, भरपूर रस. फळ वासाने ओळखायलाही मुलं त्या दिवशी शिकली. चिरलेल्या महाळुंगाचा वास खोलीत संध्याकाळपर्यंत होता. या खुणा दिसल्या म्हणून फळ वापरायला चालतं असं नाही, हे हज्जानने दोनदा सांगितलं. खात्रीच्या बागेतून आलेलं फळच घ्यायचं.

मग किंमत. साधा पण निर्दोष संच 3,000 रुपयांना होता, त्यावरचा 4,000 ला आणि सगळ्यात भारी 6,500 ला. ताल्मूदच्या ‘बाबा कामा’ भागात मर्यादा दिली आहे: देखणेपणासाठी तिसऱ्या हिश्शापर्यंत वाढवावं. हा तिसरा हिस्सा कसा धरायचा, हे ताल्मूदने अनिर्णित ठेवलंय. मूळ किमतीचा तिसरा हिस्सा धरला तर 3,000 वर 1,000, म्हणजे 4,000. वाढवलेल्या एकूण किमतीचा धरला तर 1,500, म्हणजे 4,500. 6,500 दोन्ही हिशोबांत बसत नाही. त्यापुढे खर्च करायला मनाई नाही, पण बंधनही नाही. सहावीतल्या मुलीने फळ्यावर दोन्ही हिशोब मांडले, आणि कमिटीने 4,000 चा संच मोठ्यांसाठी, 3,000 चा मुलांसाठी घेतला. एकूण 7,000, एका भारी संचापेक्षा 500 रुपये जास्त, पण हातात दोन एत्रोग.

दुसरा संच हौसेने घेतलेला नव्हता. सणाच्या पहिल्या दिवशी चार जिन्नस स्वतःच्या मालकीचे असावे लागतात. मोठी माणसं ‘परत करण्याच्या बोलीवर भेट’ म्हणून एकमेकांना देतात. लहान मूल भेट घेऊ शकतं, पण कायद्याने परत देऊ शकत नाही. एत्रोग मुलाच्या हाती गेला की मागच्या रांगेतल्या मोठ्यांचं आशीर्वचन अडतं. म्हणून बहुतेक ठिकाणी मुलांना शेवटी, घाईघाईत देतात. स्वतंत्र संच असला की मुलं सुरुवातीपासून उभी राहतात. मिश्ना म्हणतं की लुलाव हलवायला येणारं मूल त्या आज्ञेला बांधलेलं आहे. मग त्याला रांगेच्या शेवटी ठेवणं खटकतंच. एका मुलाला ऑगस्टमध्ये 13 पूर्ण झाली होती. तो मुलांच्या संचावर हक्क सांगत होता, पण आता तो मोठ्यांत धरला जाणार, हे त्याच्या आईलाही तेव्हाच लक्षात आलं.

पेटी उघडली तेव्हा मुलांनी भिंग आणलं होतं. हज्जानने ते बाजूला ठेवलं. डाग सहज नजरेला दिसला तरच डाग. भिंग लागत असेल तर तो मोजायचा नाही. फळ टोकाकडे निमुळतं होऊ लागतं तिथून वरचा भाग सगळ्यात नाजूक, तिथे दिसेल असा एक फोडही फळ बाद करतो. पान घासून पडलेले तपकिरी ओरखडे मात्र चालतात. टोकाची पिटाम (फळाच्या टोकावरचा छोटा कोंब) झाडावरच गळली असेल तर फळ चांगलं, नंतर तुटली तर पहिल्या दिवसासाठी बाद. म्हणून फळ धरायचं मधून, टोकाला हात नाही, आणि परत ठेवायचं तागाच्या काथ्यातच.

तिसरा निर्णय: सजावट

पहिल्या आठवड्यात घरोघरून सामान आलं आणि लगेच फरक दिसला. एकाने परदेशातल्या आत्याने पाठवलेले बॅटरीचे दिवे आणले, दुसरीने वहीच्या कागदाची साखळी. जेरुसलेमच्या मुली उसनी पांढरी वस्त्रं घालून नाचायला जात, ज्यांच्याकडे नाही तिला लाज वाटू नये म्हणून, ही मिश्नातली गोष्ट बाईंनी सांगितली आणि घरचं सामान परत पाठवलं. सगळं वर्गातल्या एका पेटीतूनच. अब्बा शाऊलचा अर्थ इथे कामी आला.

काय लटकवायचं याची यादी ताल्मूदमध्येच आहे: अक्रोड, बदाम, डाळिंबं, द्राक्षांचे घड, धान्याच्या लोंब्यांची वलयं. लोंब्यांचं नाव ऐकताच एका आजींनी भाताच्या लोंब्यांचं तोरण विणायला बसवलं, कोकणात दाराला बांधतात तसं. हळवा भात तेव्हा तयार असतोच. आपल्या लोकांत रोश हशानाला, म्हणजे ज्यू नववर्षाला, नव्याचा सण म्हणत आलेत, त्यामुळे नव्या भाताचं तोरण कोणाला परकं वाटलं नाही. 1874 साली पुण्यात छापलेल्या मराठी हग्गादात (पेसाहच्या सणाला वाचायच्या पुस्तकात) साडीतल्या बायका माझ्झा (बिनखमिराची भाकरी) बनवताना दाखवल्या आहेत. इथलं रूप घेतल्याने विधी उणा होत नाही, हे त्या चित्रांनी कधीच दाखवून दिलंय.

प्रत्येक मुलाकडे 30 सेंटिमीटरची पट्टी दिली. दोरीसकट वस्तूचं खालचं टोक त्या पट्टीच्या आत हवं.

काय घडलं

दुसऱ्या रात्री पाऊस आला. मिश्नाचं माप आहे: ताटातली दाट पेज नासेल इतका पाऊस लागला की उठायचं. ताडपत्री ओढेपर्यंत क्रेप कागदाच्या फुलांचा लाल रंग पांढऱ्या चादरीवर आणि एका आजींच्या साडीवर उतरला. सणाच्या दिवशी सजावट उतरवता येत नाही, तिला हातही लावायचा नसतो, आणि चादर पिळता येत नाही. टेबल मात्र हलवता येतं. सगळी टेबलं दीड मीटर सरकवली. तोरणाला काही झालं नाही. लोंब्या ओल्या होऊन उलट जास्त सोनेरी दिसत होत्या.

केळीचा घड तिसऱ्या दिवशी खाली पडला. तेवढ्यात सात वर्षांच्या मुलाने विचारलं, ‘हज्जान अंकल, पडलंय तर खाऊ?’ सजावटीचं फळ सण संपेपर्यंत खायचं नाही, खाली पडलं तरी नाही. सफार्दी रीतीत सणाच्या आदल्या संध्याकाळी, तिन्हीसांजेआधी, ‘संधिकालभर मी यांच्यावरचा हक्क सोडत नाही’ असं बोलून ठेवलं तर मोकळीक राहते. पण त्या संध्याकाळी हज्जान रेल्वेत अडकला आणि ते बोलायचं राहिलं. सूट द्यावी असं काही पालकांना वाटत होतं. हज्जानने दिली नाही. डाळिंबं आणि नारळ सिम्हात तोरा, म्हणजे सणाला जोडून येणारा शेवटचा दिवस, उलटल्यावर फोडले. मुलगा नऊ दिवस त्या डाळिंबाकडे बघत होता, आणि पहिली फोड त्यालाच दिली.

खर्च एकूण 31,500 झाला, त्यातले 12,000 देणगीचे. प्लास्टिकवरचे 4,500 वाचले. बाईंनी लिंबू आणि एत्रोगच्या चित्रांचा तोच प्रश्न पुन्हा विचारला. 14 पैकी 12 मुलांनी उंचवट्यांचं, तळाशी रुंद आणि वर निमुळतं फळ निवडलं. एका मुलीने लिंबूच निवडलं आणि कारण दिलं: ‘मला तेच छान दिसतं, पण सणाला नाही नेणार.’ बाईंनी ते उत्तर सगळ्यात चांगलं ठरवलं. आवड बदलण्याची जबरदस्ती नव्हतीच.

वेगळं काय करता आलं असतं

मजुरांना छपराची पद्धत आधी दाखवायला हवी होती. एक दिवस आणि दोन जणांची मजुरी फुकट गेली. झाप उतरवताना तीन फाटले ते वेगळेच. सजावटीच्या फळांवरच्या हक्काचं वाक्य बोलण्याची जबाबदारी एकाच माणसावर ठेवली हे चुकलं. ते वाक्य कागदावर लिहून मुकादमांकडेही द्यायला हवं. क्रेप कागद आणि पाण्यात विरघळणारे रंग या ऋतूत नकोतच. रंगवायचंच असेल तर माती किंवा बांबूच्या तुकड्यांवर तेलरंग, आणि ते तीन आठवडे आधी, वास जाईपर्यंत. केळी, पेरू, सीताफळ लटकवू नयेत. नारळ, सुपारी, मक्याची कणसं, डाळिंबं टिकतात. लोंब्यांसाठी उंदीर येतात, म्हणून तोरण भिंतीपासून दूर, मधल्या वाशाला.

मुकादमांची शंका सुरुवातीला गांभीर्याने घेतली गेली नाही, हे जास्त बोचणारं आहे. आदल्या वर्षीची चूक त्यांच्या मनाला लागली होती. 30 सेंटिमीटरची पट्टी त्यांना आधी दाखवली असती तर दोन बैठका वाचल्या असत्या. शेवटी प्रत्येक मुलाची दोरी मोजायला तेच स्टुलावर चढले.

सणानंतर मुलांच्या संचातला एत्रोग कापला. सालीचा मुरांबा झाला, तुकडे लवंगा टोचून हाव्दालाच्या, म्हणजे शनिवारी शब्बाथ (विश्रांतीचा दिवस) संपतानाच्या विधीच्या, वासासाठी ठेवले. त्यातल्या 16 बिया तळाला भोक असलेल्या कुंड्यांत पेरल्या, 9 उगवल्या. झाडाची पहिल्या तीन वर्षांची फळं ओर्ला, म्हणजे वर्ज्य. अशा फळाने लुलावची आज्ञाही पाळता येत नाही. रोपांवर लावल्याची तारीख मुलांनी हिब्रू आणि मराठी दोन्हीत लिहून ठेवली आहे, आणि कुंड्यांना पाणी घालायची पाळी वारांप्रमाणे ठरली आहे. शनिवार त्यात नाही.